तीन गर्ल्स आणि चार मेन

एका अहवालाचा मसुदा. विषय शाळेतून गळणाऱ्या मुलींचा, भाषा इंग्रजी, लिहिणारे हात मात्र मराठीत विचार करणारे. पहिल्याच पानावर काम करणाऱ्यांची ओळख होती: ‘थ्री गर्ल्स अँड फोर मेन वर्क्ड ऑन धिस सर्व्हे.’ व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्यात काहीच चूक नाही. पण त्या तीन ‘गर्ल्स’मधली सगळ्यात मोठी 41 वर्षांची होती आणि ‘मेन’मधला सगळ्यात धाकटा 22 वर्षांचा. पुढे अकराव्या पानावर आणखी एक वाक्य भेटलं: ‘यंग विमिन ऑफन लीव्ह स्कूल आफ्टर मॅरेज.’ शेजारीच तक्ता होता, त्यात त्या ‘यंग विमिन’ची वयं होती. 13, 14, 16. म्हणजे एकाच हातानं दहा पानांच्या अंतरात मोठ्या बायकांना लहान केलं होतं आणि लहान मुलींना मोठं. यात कुठेही अनादर नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त खुपतं. पहिल्या वाक्यात आपुलकी होती, दुसऱ्यात सभ्यपणा. दोन्ही भावना चांगल्या, आणि दोन्ही ठिकाणी शब्द चुकलेला.

हे असं का होतं ते कळण्यासाठी आधी आपल्याच ‘मुलगी’कडे पाहायला हवं. मराठीत मुलगी आणि बाई यांच्यामधली रेघ वयावर ओढलेली नाही, ती बहुतेक वेळा लग्नावर ओढलेली आहे. 32 वर्षांची अविवाहित स्त्री बोलण्यात ‘मुलगी’च राहते, आणि 19 व्या वर्षी लग्न झालेली ‘बाई’ होऊन जाते. शिवाय ‘मुलगी’ या शब्दाच्या पोटात लेक आहे. ‘आमच्या ऑफिसातल्या मुली फार हुशार आहेत’ असं म्हणताना जिभेवर जो गोडवा येतो, तो त्या लेकपणाचा. इंग्रजीत ‘माय गर्ल’ म्हटलं तर लेक डोळ्यांपुढे येईलही, पण ‘द गर्ल्स इन अकाउंट्स’ या शब्दांत लेक कुठेच नाही. भाषांतराच्या गाळणीतून गोडवा निघून जातो आणि वर उरतं ते नुसतं लहानपण. इंग्रजीतली रेघ वयाची आहे, आणि आज ती बरीच स्पष्ट आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखनसंहितेनुसार ‘गर्ल’ हा शब्द अठरावा वाढदिवस होईपर्यंत चालतो. त्यानंतर ‘वुमन’ किंवा ‘यंग वुमन’. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातही मूल म्हणजे सर्वसाधारणपणे 18 वर्षांखालची व्यक्ती. त्यात लग्न झालं की नाही, नोकरी आहे की नाही, आवाज कोवळा आहे की नाही, यांतलं काहीही मोजायचं नाही.

मोजायचं ते फक्त वय.

तरीही ‘वुमन’ लिहिताना मराठी हात अडखळतो. कानाला हा शब्द उघडा वाटतो, जरा खरबरीत वाटतो, कुणाला तरी ‘ए बाई’ म्हणावं तसा. मग हात ‘गर्ल’कडे नाहीतर ‘लेडी’कडे वळतो. एकात माया आहे, दुसऱ्यात मान. मधली ‘वुमन’ तेवढी कोरडी भासते. आणि खरं तर या तिघींमध्ये आपल्याला सगळ्यात जवळची तीच आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता ‘वीफमान’. ‘वीफ’ म्हणजे स्त्री आणि ‘मान’ म्हणजे माणूस, कुठलंही माणूस, पुरुष असो की स्त्री. म्हणजे ‘वुमन’चा शब्दशः अर्थ बाईमाणूस! हजारभर वर्षांपूर्वी एका वेगळ्याच भाषेनं नेमकी तीच दोन ढेकळं एकमेकांवर ठेवून तोच शब्द घडवला. पुढे ‘वीफ’चं ‘वाइफ’ झालं आणि ते बायकोपुरतं आकसलं, पण ‘मिडवाइफ’मध्ये जुना अर्थ अजून जिवंत आहे. सुईण म्हणजे बाळंतिणीच्या सोबत असणारी, ‘बाईसोबतची’. हे एकदा कळलं की ‘वुमन’मधला खरबरीतपणा कमी होतो. ज्या शब्दात माणूसपण अक्षरशः शिवलेलं आहे, तो शब्द उणा कसा असेल?

‘गर्ल’ची गोष्ट त्याहून चमत्कारिक. 1300 च्या सुमाराला ‘गर्ल’ म्हणजे नुसतं पोर, मुलगा असो वा मुलगी. मुलगाच म्हणायचा असेल तर त्या शब्दाआधी मुलग्यासाठीचा वेगळा शब्द जोडावा लागे. आपल्या ‘पोर’ या नपुंसकलिंगी शब्दासारखंच ते. पुढे शतकाशतकानं तो शब्द मुलींपुरता उरला. शब्दांचे अर्थ असे सरकतातच, पण एक गोष्ट त्यातून कधीच गेली नाही: अपुरेपण. ‘गर्ल’ म्हणजे अजून वाढायचं राहिलेलं कुणीतरी. खऱ्या मुलीच्या बाबतीत हे अपुरेपण सुंदर आहे, ते तिचं संरक्षणही करतं. 41 वर्षांच्या अभ्यासक बाईच्या बाबतीत मात्र तेच अपुरेपण तिच्या पंधरा-वीस वर्षांच्या कामावर बोळा फिरवतं.

चूक सापडायला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जोडी लावून पाहणं. गर्लची जोडी बॉय, वुमनची मॅन, लेडीची जंटलमन, फीमेलची मेल. वाक्यात स्त्रीसाठी जो शब्द आला असेल त्याची जोडी त्याच जागी पुरुषाला लावायची आणि वाक्य मोठ्यानं वाचायचं. ‘थ्री गर्ल्स अँड फोर बॉइज वर्क्ड ऑन धिस सर्व्हे.’ आता सातही जण शाळकरी झाले आणि वाक्य कुणालाही खटकेल. पुरुषांच्या बाजूला जे खटकतं तेच स्त्रियांच्या बाजूला इतका वेळ खटकत नव्हतं, एवढंच. ‘अ लेडी डॉक्टर’चंही तसंच, ‘अ जंटलमन डॉक्टर’ कुणी लिहीत नाही. ही चाचणी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी लागू पडते. ती पुरी पडत नाही अशी एकच जागा: वाक्यात लिंग सांगायची गरजच नसते तेव्हा. तिथे शब्द बदलायचा नसतो, काढून टाकायचा असतो.

आणि इथे मराठीचा एक जुना हिसका आड येतो. आपलं क्रियापदच बोलतं. ‘डॉक्टर आल्या’ म्हटलं की ती स्त्री आहे हे कळलं, आणि तिच्याबद्दल आदर आहे हेही कळलं; दोन्ही कामं एका ‘ल्या’नं केली. इंग्रजी ‘द डॉक्टर केम’ यातलं काहीच सांगत नाही. मराठीतून आलेल्या लिहिणाऱ्याला तिथे पोकळी जाणवते, काहीतरी सांडल्यासारखं वाटतं, आणि ती भरायला तो ‘लेडी’ आणून बसवतो. म्हणजे ‘लेडी डॉक्टर’मधली ‘लेडी’ ही खरं तर ‘आल्या’मधल्या ‘ल्या’चं भाषांतर आहे. हे ओळखलं की उपाय आपोआप सुचतो. पहिल्या वाक्यात नुसतं ‘द डॉक्टर’, दुसऱ्या वाक्यात ‘शी’. स्त्री असल्याचं सर्वनामानं सांगितलं, विशेषणाची गरज उरली नाही. राहिला प्रश्न आदराचा. ‘ती’ आणि ‘त्या’ हा भेद इंग्रजीत नाही. राणीलाही ‘शी’ आणि मांजरीलाही ‘शी’. मग ‘त्या’मधला मान ठेवायचा कुठे? इंग्रजीत तो नावात ठेवतात, पदवीत ठेवतात, आणि तिनं काय केलं हे नीट सांगण्यात ठेवतात. पूर्ण नाव, मग हुद्दा, मग काम. ‘अ व्हेरी नाइस लेडी फ्रॉम द फायनान्स डिपार्टमेंट’ यापेक्षा तिचं नाव आणि ‘हू हेड्स द ऑडिट’ एवढे शब्द जास्त मान देतात.

‘लेडी’वर राग धरायचं कारण नाही, फक्त तिची जागा माहीत हवी. मुळात हा शब्द जुन्या इंग्रजीत पाव मळणारीसाठी होता, आणि ‘लॉर्ड’ म्हणजे पावाचा राखणदार. घरात अन्न जिच्या हातून येतं ती मालकीण. तिथून तो वर चढत उमरावांपर्यंत गेला आणि पुन्हा खाली उतरून सौजन्याचा शब्द झाला. आज समोरच्या अनोळखी स्त्रीबद्दल तिच्या देखत बोलताना ‘धिस लेडी वॉज बिफोर मी’ हे सभ्य वाटतं. ‘लेडीज अँड जंटलमेन’ सभेत अजून शोभतं. पण एकवचनात, हाक म्हणून, ‘एक्सक्यूज मी, लेडी’ म्हटलं की तोच शब्द उद्धट होतो; तिथे अमेरिकेत ‘मॅम’ म्हणतात, दुकानातल्या किंवा हॉटेलातल्या औपचारिक बोलण्यात ‘मॅडम’. आपल्याकडे ‘लेडीज’ला एकवचन करून ‘एक लेडीज आली होती’ असं सर्रास म्हटलं जातं. मराठीत बोलताना तो आता मराठीच शब्द झालाय, त्याला कुणी हरकत घेऊ नये. इंग्रजी वाक्यात मात्र ‘अ लेडीज’ शिरला की वाचणारा थबकतो. खेळांच्या नावांत तर ‘लेडीज’ आणि ‘विमेन’ची ओढाताण उघड दिसते. विम्बल्डनमध्ये आजही ‘लेडीज सिंगल्स’ आहे, 1950 साली स्थापन झालेल्या महिला गोल्फ संघटनेच्या नावात ‘लेडीज’ आहे, 1973 साली स्थापन झालेल्या महिला टेनिस संघटनेच्या नावात ‘विमेन्स’ आहे, आणि आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं 2021 मध्ये ‘लेडीज’ काढून ‘विमेन’ केलं. विम्बल्डननंही 2019 पासून गुण पुकारताना खेळाडूंच्या नावाआधीचं मिस-मिसेस बंद केलं. कोर्टवर पुरुष खेळाडूचं नुसतं आडनाव पुकारायचं आणि स्त्री खेळाडूचं लग्न झालंय की नाही हे सगळ्या जगाला ऐकवायचं, हे इतकी वर्षं चाललं याचंच नवल वाटतं.

उच्चाराबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण इथे भलेभले घसरतात. एकवचन ‘वुमन’, अनेकवचन ‘विमिन’. स्पेलिंगमध्ये बदलतं ते दुसऱ्या भागातलं अक्षर, पण कानाला बदल ऐकू येतो तो पहिल्या भागात. डोळा एक सांगतो, कान दुसरं. म्हणून मराठी तोंडातून अनेकवचन ‘वुमेन’ असं निघतं आणि ऐकणाऱ्याला एक बाई की अनेक हे कळत नाही. गोम त्या जुन्या ‘वीफमान’मध्येच आहे: एकवचनात ‘व’नं पुढच्या स्वराला ओढून गोल केलं, अनेकवचनात जुना ‘इ’ शाबूत राहिला. (वर ‘विमेन्स’ लिहिलं ते मराठीत रुळलेल्या सवयीनं, तोंडानं म्हणताना ‘विमिन्झ’.) लिहिताना आणखी एक खड्डा. ‘विमेन’ हे आधीच अनेकवचन असल्यामुळे मालकीचं चिन्ह ‘एस’च्या आधी येतं, नंतर कधीच नाही. ‘गर्ल्स’चं उलटं: अनेक मुलींची शाळा असेल तर चिन्ह ‘एस’नंतर, एका मुलीचं दप्तर असेल तर आधी. आणि ‘वुमन डॉक्टर’चं अनेकवचन करताना दोन्ही शब्द बदलतात, ‘विमिन डॉक्टर्स’. ‘गर्ल स्टुडंट’चं करताना फक्त दुसरा, ‘गर्ल स्टुडंट्स’.

‘फीमेल’ हा शब्द विशेषण म्हणून निरुपद्रवी आहे. ‘फीमेल व्होटर्स’, ‘फीमेल पेशंट्स’ यांत काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याचं नाम केल्यावर. ‘टू फीमेल्स वेअर वेटिंग आउटसाइड’ वाचताना पोलिसी नोंद किंवा प्राण्यांचं वर्णन वाचल्यासारखं वाटतं, कारण फीमेल वाघीणही असते आणि फीमेल पपईचं झाडही असतं. वुमन फक्त माणूसच असते. दवाखान्याच्या कागदांत आणि आकडेवारीच्या तक्त्यांत हे नाम चालतं, त्याला कारणही आहे: एखाद्या रकान्यात 10 ते 49 वयाच्या सगळ्या जणी असतील तर त्यांत मुलीही आल्या आणि बायकाही, आणि दोघींना कवेत घेणारा एकच शब्द इंग्रजीत तो आहे. पण तक्त्यातून वाक्यात उतरताना तो शब्द तक्त्यातच ठेवून यावा आणि वाक्यात ‘विमिन अँड गर्ल्स’ लिहावं. दोन शब्द जास्त लागतात. लागू देत. संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली, त्यांतल्या पाचव्या उद्दिष्टात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, ते उगाच नाहीत. नुसतं ‘विमिन’ लिहिलं की बारा वर्षांची मुलगी नजरेआड होते.

आता नावाआधीचा शब्द. ‘मिस’ आणि ‘मिसेस’ दोन्ही एकाच ‘मिस्ट्रेस’ची लेकरं, आणि एके काळी ‘मिसेस’चा लग्नाशी संबंधही नव्हता, घरची, धंद्याची मालकीण असेल तिला तो मान मिळे. लग्नाचा निकष नंतर चिकटला. त्यातून सुटायला, लग्न झालेलं असो वा नसो, दोन्हींना चालणारा ‘मिझ’ आला (लिहिताना ‘एम एस’). अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या एका वर्तमानपत्रात 1901 साली ही सूचना छापून आली आणि विरून गेली. 1961 पासून स्त्रीवादी कार्यकर्त्या शीला मायकेल्स यांनी ती पुन्हा लावून धरली, आणि न्यूयॉर्क टाइम्सनं ‘मिझ’ स्वीकारायला 1986 साल उजाडलं. शेवटचा उच्चार ‘झ’. ‘मिस’ म्हटलं की सगळं मुसळ केरात. त्यानंतर आडनाव किंवा पूर्ण नाव, नुसतं पहिलं नाव नाही. डॉक्टर, प्रोफेसर अशी पदवी असेल तर ‘मिझ’ लागत नाही. आणि एखादी बाई स्वतः ‘मिसेस’ अशी सही करत असेल तर तिला ‘मिसेस’च लिहायचं. तिथे तिचा शब्द शेवटचा.

हे सगळं बारीक वाटतं. पण या बारीकपणासाठी कुणी तुरुंगवास पत्करलाय. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या स्त्रीला, ती आजी झाली तरी, गोरी माणसं ‘गर्ल’ म्हणत, काळ्या पुरुषाला ‘बॉय’, आणि हाक मारताना आडनाव कधीच लावत नसत. 1963 मध्ये अलाबामातल्या गॅड्सडेनच्या न्यायालयात नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या काळ्या कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन साक्षीला उभ्या राहिल्या. वकिलानं त्यांना ‘मेरी’ म्हणून प्रश्न विचारला. मला नीट संबोधल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं त्यांनी सांगितलं. गोऱ्या साक्षीदारांना मिळत होतं तेवढंच त्या मागत होत्या: ‘मिस हॅमिल्टन’. न्यायाधीशांनी त्यांना अवमानाबद्दल दंड आणि कैद सुनावली. 1964 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. एका संबोधनासाठी एवढं. ज्या भाषेत ‘गर्ल’ या शब्दावर असा वण आहे, त्या भाषेत तो मोठ्या बाईला लावताना आपली आपुलकी वाचणाऱ्यापर्यंत पोचेल अशी खात्री कशी धरायची? वयस्क मैत्रिणी आपापसांत ‘कम ऑन, गर्ल्स’ म्हणतात, साठीतल्याही म्हणतात, आणि त्यात त्यांचं तारुण्य खेळत असतं. तो हक्क त्यांचा आहे. साहेबानं तोच शब्द उचलला की त्यातलं तारुण्य जातं आणि साहेबीपण येतं.

पण जो शब्द मोठ्या बाईला घालताना आपण इतकं जपतो, तोच खऱ्या मुलीपासून काढून घेताना आपल्याला काहीच वाटत नाही.

अकराव्या पानावरचं ते वाक्य त्यासाठीच मनातून जात नाही. तेरा वर्षांच्या मुलीला ‘यंग वुमन’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक समजती, स्वतःचं ठरवू शकणारी व्यक्ती उभी राहते. मग ‘शाळा सोडली’ हा तिचा निर्णय वाटू लागतो. गुन्ह्यांच्या बातम्यांत ‘अंडरएज वुमन’ असा शब्दप्रयोग आढळतो. तो तर स्वतःच्याच पोटात भांडतो, कारण अंडरएज असेल तर ती वुमन नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या संदर्भात कोणते शब्द वापरावेत याच्या मार्गदर्शक सूचना 2016 साली लक्झेंबर्गमध्ये स्वीकारल्या गेल्या. ज्या शब्दांतून मुलाची संमती असल्याचा भास होतो ते टाळा, हा त्यांचा गाभा आहे. युनिसेफ बालविवाह मोजते ती रीतही पाहण्यासारखी आहे. 20 ते 24 वयाच्या ‘विमिन’ना विचारतात, अठरा व्हायच्या आधी तुमचं लग्न झालं होतं का. उत्तर देणारी वुमन असते, पण लग्न झालं होतं ते गर्लचं. दोन शब्द, एकच व्यक्ती, आणि मध्ये निघून गेलेली काही वर्षं.

इथे ‘गर्ल चाइल्ड’ हा शब्द हमखास आडवा येतो. सार्कनं 1990 हे वर्ष ‘गर्ल चाइल्ड’चं म्हणून पाळलं, 1995 च्या बीजिंगमधल्या जागतिक महिला परिषदेनं बारा चिंताविषयांत तिला स्वतंत्र स्थान दिलं, आणि 2012 पासून 11 ऑक्टोबर हा तिचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे. धोरणांच्या मथळ्यात तो शब्द ठीक. साध्या वाक्यात तो जडशीळ होतो: ‘शी हॅज टू गर्ल चिल्ड्रन’ लिहिण्यापेक्षा ‘टू डॉटर्स’ लिहावं, आणि सर्वेक्षणातल्या मुलींना सरळ ‘गर्ल्स’ म्हणावं, पुढे वय.

मसुद्यातलं पहिलं वाक्य दुरुस्त व्हायला फार वेळ लागला नाही. ‘सेव्हन रिसर्चर्स वर्क्ड ऑन धिस सर्व्हे’, आणि खाली सात पूर्ण नावं. गावोगावी मुलींशी बोलायला बायकाच गेल्या होत्या ही माहिती महत्त्वाची होती, म्हणून पुढे एक वाक्य आलं: ‘थ्री ऑफ देम, ऑल विमिन, कंडक्टेड द इंटरव्ह्यूज.’ अकराव्या पानावर जास्त थांबावं लागलं. ‘यंग विमिन’ खोडून ‘गर्ल्स, एज्ड थर्टीन टु सिक्स्टीन’ झालं. मग लक्षात आलं की ‘आफ्टर मॅरेज’ही तसंच ठेवून चालणार नाही, कारण त्यात लग्न आपोआप झाल्यासारखं वाटत होतं, तिथे ‘आफ्टर दे आर मॅरिड ऑफ’ आलं, म्हणजे ते लावून देणारं कुणीतरी आहे हे दिसलं. मग ‘लीव्ह स्कूल’. सोडतात? की काढून घेतल्या जातात? त्या एका क्रियापदाभोवती पेन्सिलीनं वर्तुळ केलं गेलं, आणि मसुदा ज्यांनी त्या मुलींशी प्रत्यक्ष बोलणं केलं होतं त्या तिघींकडे परत गेला.